फ्रान्स बघायला

कुवेतमध्ये बनेद अल-गार भागातल्या एका मोठ्या घरात कुलसूम स्वयंपाकाला होती. बाजारहाट ड्रायव्हर करायचा, त्यामुळे तिला उंबरा ओलांडायचं कारणच पडत नसे. यंदाच्या उन्हाळ्यात घरचे सगळे फ्रान्समधल्या एका लहानशा खेड्यात राहायला निघाले आणि तिलाही सोबत नेलं. इकडे हर्णैला तिच्या बहिणीने सगळ्या मोहल्ल्यात सांगितलं, "आमची कुलसूम फ्रान्स बघायला गेलीय!"

रोज सकाळी मंडळी किल्ला, गुहा, द्राक्षांचे मळे बघायला बाहेर पडायची. कुलसूम मागे राहून रात्रीचं भात-मटण रांधायची आणि मालकाच्या म्हाताऱ्या आईला, अम्माला, सांभाळायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नदीवरचा जुना दगडी पूल दिसायचा. भांडी घासताना ती तेवढाच बघत राहायची.

परतीच्या आदल्या दिवशी तिला राहवेना. अम्माचा डोळा लागलाय असं बघून तिने ओढणी सारखी केली, चपला घातल्या आणि हळूच दाराची मूठ फिरवली. दार हललं नाही. तिने जोर लावून पाहिलं. बाहेरून कुलूप होतं.

कुलसूम तिथेच खाली बसली आणि तिला रडू कोसळलं. आवाजाने म्हातारी उठून, भिंतीला धरत धरत तिच्यापाशी आली.

"रोज मला कोंडून जातात का, अम्मा? मी काय पळून जाणार होते?"

 

"तुला नाही गं पोरी," अम्मा तिच्या डोक्यावर हात ठेवत म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात मी पळाले होते."