शंभर टक्के निकाल

“म्हणे दहापैकी नऊ दंतवैद्य हीच टूथपेस्ट वापरतात! पण हे दहा निवडले कुणी?” सबनीसबाईंनी जाहिरात नाचवली. नववीचा वर्ग हसला.

पेपरातली एक फसवी जाहिरात आणा, असा गृहपाठ होता. रेवतीने आपलं कात्रण फळ्यावर चिकटवलं. ती त्यांच्याच शाळेची जाहिरात होती: ‘दहावीचा निकाल शंभर टक्के’. शेजारी बाईंचा हसरा फोटो.

“यात फसवं काय आहे गं?”

“बाई, माझी ताई कच्ची म्हणून तुम्ही तिला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावलात. तिने दहावी बाहेरून दिली. अडुसष्ट टक्के पडले, पण ती यात धरलेली नाही.”

बाई खडू शोधू लागल्या. तो हातातच होता.

मागच्या बाकावरून अगदी बाईंच्याच सुरात आवाज आला, “पण ही मुलं निवडली कुणी?”

“मी,” बाई म्हणाल्या.