लॅमिनेट केलेला रिपोर्ट

‘कोलेस्टेरॉलसह सर्व घटक मर्यादेत.’ लॅबचा हा निर्वाळा आबांनी लॅमिनेट करून घेतला होता. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अतिदक्षता विभागात शुद्धीवर येताच त्यांनी तोच घरून मागवला आणि डॉक्टरांपुढे धरला. “निदान चुकलंय तुमचं.”

लॅमिनेट केल्याने कागदाचा शिलालेख होत नाही. मी तारीख वाचली. रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा होता. शिवाय ती मर्यादा आबांच्या रक्ताने नव्हे, रोज घेतलेल्या गोळीने राखली होती.

“अहो, गोळी चालू आहे ना?” आईचा आवाज चढला.

“रिपोर्ट आला त्याच दिवशी बंद केली.”

“का?”

आबांनी आम्हा अडाण्यांकडे करुणेने पाहिले. “अगं, कोलेस्टेरॉल नॉर्मल असलेल्या माणसानं गोळी कशाला खायची?”