दारालगतची जागा

दर रविवारी सुपरमार्केटला निघताना मुलगा नानांना आठवणीने बरोबर घ्यायचा. अर्धांगवायूनंतर घराबाहेर पडणं ते तेवढंच, म्हणून नाना शनिवारीच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवत. "लेक असावा तर असा," असं शेजाऱ्यांना सांगत. तिथे पोचल्यावर "तुम्ही गाडीतच बसा, दमाल," म्हणून मुलगा एकटाच आत जाई. नानांना त्यातही मायाच दिसे.

आज दाराशी गाडी लावून तो उतरला, तसं नव्या रखवालदाराने हटकलं, "साहेब, ही जागा अपंगांसाठी राखीव आहे."

"मागे बसलेत की! नाहीतर म्हाताऱ्याला दर रविवारी कशाला सोबत आणलं असतं?"

काच उघडीच होती. नाना दार ढकलून, काठी टेकत कसेबसे उतरले आणि रखवालदाराला म्हणाले, "गाडी काढायला सांगा यांना. मी यांच्याबरोबर नाही."