बाईसाहेब पाणी पीत नाहीत

"पुन्हा लघवीत जंतू," डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "वर्षात तिसऱ्यांदा."

आईने नुसती मान हलवली. चार दिवस कपाळावरच्या पट्ट्या बदलून आणि चादरी धुऊन तिच्यात बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. मांडीवर नऊ वर्षांची लेक होती. जन्मापासून हातपाय ताठ, मान डुगडुगती, तोंडातून शब्द नाही. जमिनीला पाय लावायचं नाव नाही, म्हणून आई तिला बाईसाहेब म्हणायची. संडासात उचलून न्यायचं, बसवायचं, धरून ठेवायचं, परत आणायचं. दिवसातून सात-आठ फेऱ्या, आणि सगळ्या आईच्याच.

"पाणी किती पिते?"

"शाळेत देतच नाहीत. परवाच तिथल्या मावशींशी कडाकडा भांडून आले. त्यांना न्यायचा कंटाळा, दुसरं काय!"

"आणि घरी?"

आई अडखळली. "घरी... ओठ घट्ट मिटून घेते. चमच्याने घातलं तर फुर्रकन बाहेर. चार महिने झाले. नुसती हट्टी झालीय."

"गिळायला त्रास?"

"छे! जेवते की व्यवस्थित."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पोरीच्या डोळ्यांत बघून विचारलं, "काय हो बाईसाहेब, पाणी का नको?"

हे तिलाच विचारावं, असं आजवर कुणाला सुचलंच नव्हतं. आईने पिशवीतून शाळेने दिलेला चित्रांचा पुठ्ठा काढून तिच्यासमोर धरला. हात उचलला गेला, भलतीकडेच गेला, परत आला. बाहेर पेशंट खोळंबले होते. कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. शेवटी बोट एका चित्रावर टेकलं. आई. मग रडक्या चेहऱ्यावर. दुखतंय.

"आई गं, दुखतंय, असं म्हणतेय हो," आई कळवळली. "जळजळ होते ना लघवीला, म्हणून पाणी नको."

पोरीने वैतागून मान झटकली. पुन्हा आई. पुन्हा दुखतंय. मग हात पुठ्ठ्यावरून निसटला, हवेत भरकटला आणि आईच्या कंबरेवर जाऊन थांबला. तिथून हलेना.

डॉक्टरीणबाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग आईकडे.

"हिला उचलताना तुमची कंबर दुखते?"

आई पुठ्ठा पिशवीत कोंबू लागली.

"पाणी कमी, म्हणजे फेऱ्या कमी," त्या हळूच म्हणाल्या. "होय ना गं?"

पोर तोंडभर, वाकडंतिकडं हसली. आपलं म्हणणं समोरच्याला कळलं की ती अशीच हसायची.

आईने तिचा हात कंबरेवरून काढला नाही. चार महिने ती कळ तिने मुकाट सोसली होती. घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.