शेवटची चार पानं

यंदा जुन्या पन्नास रहस्यकथा वाचायच्या, असा पणच केला होता. एकेचाळिसावीत खुनी सापडणार तेवढ्यात छापील पानं संपली. पुढची चार कुणीतरी निळ्या शाईत लिहून शिवली होती. खुनी निघाला घरचा वैद्य.

मी तडक वाचनालय गाठलं. "ही पानं कुणी नकलून काढली?"

"नकलून कुठली?" ग्रंथपाल हसल्या. "वाळवीनं खाल्ली होती, दुसरी प्रत मिळेना. आमच्या बाइंडिंगवाल्या द्वारकाबाईंनी गोष्ट पहिल्यापासून वाचली आणि शेवट स्वतःच लिहिला."

मी चिडले. असलं मनचं वाचून पुस्तक यादीत कसं धरायचं? महिनाभर यादी तिथंच अडली. शेवटी रद्दीच्या दुकानात अखंड प्रत सापडली. उभ्याउभ्याच शेवट उघडला.

खुनी वैद्यच होता. विषही तेच, कण्हेरीचं. पण त्यानं खून का केला, हे लेखकाला नीट सांगता आलं नव्हतं. द्वारकाबाईंनी ते दोन ओळींत सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी बेचाळिसावं पुस्तक पुढे केलं.

"हे नको," मी म्हटलं. "शेवट फाटलेलं एखादं आहे?"