निळी ताडपत्री

लेलंडनं बागेचा पाइप ओढत गच्चीवर आणला आणि खालच्या निळ्या ताडपत्रीवर रोखून नळ सोडला. पाणी धो धो पडलं. ताडपत्रीखालची प्रार्थना क्षणभर थांबली, मग पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा मोठ्यानं.

म्हणजे यांना काडीची लाज नाही.

आठवडा झाला, रोज संध्याकाळी हेच चाललं होतं. गल्लीच्या मधोमध, त्याच्या फाटकाला अगदी चिकटून ताडपत्री बांधलेली. स्वतःच्या दारात जागा कमी होती का यांना? खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, दालचिनी घातलेल्या कॉफीचा हंडा, गोड पाव, पानात वाफवलेले मक्याचे गरम तामाले. गाडी जायला वाट नाही. आधी त्याला वाटलं, असेल यांचा कुठला तरी सण. पुंता गार्सा गावात सणांना काय तोटा. मग बायकांचा तो एकसुरी आवाज कानावर पडला तेव्हा ध्यानात आलं, कुणीतरी गेलंय. समोरच्या घरातली म्हातारी कांदेलारिया, दुसरं कोण असणार. नव्वदीची, महिनाभर अंथरुणाला खिळलेली. हल्ली दारात दिसतच नव्हती.

मरायलाही तिला हाच आठवडा सापडला.

कारण लेलंडची बायको नोरीन नुकतीच गेली होती. चार वर्षांपूर्वी दोघं कॅनडातली थंडी सोडून इथं समुद्राकाठी राहायला आली. त्याला समुद्र हवा होता, तिला माणसं. संध्याकाळ झाली की ती आपली खुर्ची उचलून या बायकांत जाऊन बसायची, मोडक्यातोडक्या भाषेत खिदळत कोळंबी सोलायची आणि हातांना वास घेऊन घरी यायची. "फुकटची मोलकरीण मिळालीय त्यांना," तो म्हणायचा. ती नुसती हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची.

आणि ती गेली तेव्हा या गल्लीनं काय केलं? शहरातल्या स्मशानात तो एकटाच होता. तो आणि टॅक्सीवाला. राखेचा डबा मांडीवर घेऊन घरी आला, तर फाटकावर ही गर्दी. पुढं कांदेलारियाची लेक एउफेमिया, हातात चुन्याची पिशवी. मागं तिचा नवरा एलिसेओ आणि गल्लीतले चार पुरुष. खुर्च्या कशाला आणल्या होत्या, देव जाणे, पण चुना कशाला ते त्याला कळलं. भिंत रंगवायचं काम मागायला आले होते, बायकोची राख गार व्हायच्या आत. तो त्यांच्यातून वाट काढत आत शिरला, फाटकाला कुलूप घातलं आणि गच्चीवरून ओरडून सगळ्यांना हाकलून दिलं. ते बराच वेळ फाटक ठोकत राहिले. तेव्हापासून तो मागच्या दारानंच, वाळूतून ये-जा करत होता. डबा फ्रिजवर ठेवलेला होता.

नव्वदीच्या म्हातारीसाठी अख्खी गल्ली रोज गुडघे टेकते आणि माझ्या नोरीनसाठी एक कुत्रं भुंकायचं थांबलं नाही. त्याला रडू येत नव्हतं. राग तेवढा येत होता, आणि तो आता पाइपातून खाली पडत होता.

ताडपत्रीला पोट आलं. एका कोपऱ्याची दोरी तुटली आणि सगळं पाणी एकदम आत कोसळलं. मेणबत्त्या विझल्या. खुर्च्या कलंडल्या. जमिनीवर कुणी चुन्यानं मोठा क्रूस काढला होता, तो पांढऱ्या ओघळानं गटाराकडं निघाला. ते पाहून बायका पहिल्यांदा किंचाळल्या.

एलिसेओ बाहेर आला. चिंब भिजलेला, मुठी आवळलेल्या. "ए गोऱ्या, उतर खाली. दात घशात घालतो तुझे."

"पोलिसांना बोलावतो," लेलंड वरून म्हणाला. "मेलेल्या माणसाच्या नावानं कसली जेवणावळ घालताय माझ्या दारात?"

एलिसेओ फाटकावर चढायलाच निघाला. तेवढ्यात मागून आवाज आला, "तू गप बस. मी बोलते त्याच्याशी."

पडलेली ताडपत्री हलली. लेकीच्या खांद्याला धरून, केसांतून पाणी निथळत, म्हातारी कांदेलारिया बाहेर आली.

लेलंडच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. "तू... तू जिवंत आहेस?"

"तू आज बुडवायला बघितलंस, पण आहे अजून," म्हातारी म्हणाली. तिनं पायाशी वाहणाऱ्या चुन्याकडं पाहिलं. "उद्या नववा, शेवटचा दिवस. उद्या चुना गोळा करून हा क्रूस उचलायचा होता. घरच्या माणसानं उचलायचा असतो. तू धुऊन टाकलास."

"मग मेलंय कोण?" लेलंडनं विचारलं.

एलिसेओची मूठ सुटली. त्यानं मान खाली घातली.

म्हातारी वर बघत राहिली.

"ज्या घरातलं माणूस जातं, त्याच घरात बसायची रीत आहे आमची," ती म्हणाली. "तू दार उघडलं नाहीस, म्हणून तुझ्या बायकोला आम्ही रस्त्यावर घेऊन बसलो."