अवगुणाचा रकाना

खिल्लारे सरांचं घोडं एका रकान्यापाशी अडलं होतं. शिरड शहापूरच्या शिवकन्येला मानसशास्त्र शिकायला आयर्लंडात जायचं होतं आणि तिथल्या विद्यापीठाला तिच्या वर्गशिक्षकांकडून तिचा एक अवगुण हवा होता. गुणांचे रकाने सरांनी परवाच तुडुंब भरले होते. अवगुणाच्या रकान्यात तीनदा 'काही नाही' लिहून झालं, पण फोनवरचा फॉर्म पुढे सरकेना. आज पाच वाजता तो बंद होणार होता, आणि तीन वाजून गेले होते.

शिवकन्या सायकल दामटत सरांच्या घरी आली. लिहा ना काहीबी, म्हणाली. आईला विचारून तिनं यादीच आणली होती. दूध उतू घालवते, उलट बोलते, भाकरी कधी गोल येत नाही. सर नुसती मान हलवत राहिले. शाळेची कौलं फोडणाऱ्या पोरांच्या दाखल्यावरही ते 'वर्तणूक उत्तम' असंच लिहीत. गाव त्यावर हसायचं.

"तीस वर्षांत एकाबी लेकराच्या कागदावर वाईट लिवलं न्हाई. आता तुज्यापासून सुरू करू व्हय?"

"पण काहून, सर?"

सरांनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाले, त्यांच्या स्वतःच्या दाखल्यावर 'उद्धट' असं लिहिलं होतं. वर्गात एक प्रश्न विचारला, एवढाच गुन्हा. नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत त्या शब्दावर अंगठा ठेवून त्यांनी तो कागद पुढे केला होता. हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, आणि आता अठरा वर्षांच्या पोरीला सांगताना त्यांना लाज वाटली.

शिवकन्या अरेरे म्हणाली नाही. खुर्ची पुढे ओढून बसली.

"काय इचारलं होतं तुमी?"

हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. नकाशात उत्तरच वर काहून, आपलं शिरड वर काहून न्हाई, असं विचारलं होतं म्हणे. दोघंही पोट धरून हसले. मग ते गुरुजी, ती छडी, घरी बापानं धरलेला अबोला, सगळं निघालं. सरांच्या बायकोनं, वासंतीबाईंनी, आणून ठेवलेला चहा गार झाला. सरांनी एकदा डोळे पुसले आणि त्यांना फार हलकं वाटलं.

"प्रश्न बराबर होता तुमचा," शिवकन्या म्हणाली. पाया पडली आणि निघाली.

सायकल वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा सरांचं घड्याळाकडे लक्ष गेलं. पाचला दहा कमी. रकाना कोराच होता, आणि पोरीनं जाताना साधी आठवणही करून दिली नव्हती.

सर हसत हसत फोन घेऊन बसले. एकेक अक्षर शोधत, इंग्रजीत, तीस वर्षांतला पहिला वाईट शेरा त्यांनी लिहिला : समोरचं माणूस बोलायला लागलं, की ही मुलगी आपलं काम विसरते.